काउंटरच्या आतलं काम आपल्या हातात आलं

आमच्या मावशीच्या गावचा बाजार गुरुवारचा. बाजाराच्या रस्त्यावर खताच्या दुकानाला लागून एक गाळा आहे, तिथे बँकमित्र, म्हणजे बँकेच्या वतीने पैसे घेणारा-देणारा माणूस, बसतो. टेबलावर लॅपटॉप, पावत्या काढायचा छोटा प्रिंटर आणि काडेपेटीहून थोडं मोठं, आतून लाल उजेड येणारं अंगठ्याचं मशीन. मी मावशीबरोबर गेलो तेव्हा पुढे अकरा जण होते. तिचा नंबर आला. तिने पदराला अंगठा पुसला आणि मशीनवर ठेवला.

"मावशी, जरा दाबून धरा." मशीन घेईना. "आता हे बोट ठेवा." तेही नाही. मावशीने आयुष्यभर कापूस वेचला, भांडी घासली, सारवलं. बोटांवरच्या रेषा झिजून गेल्यात. चौथ्या खेपेला मशीनने अंगठा घेतला आणि खात्यात शिल्लक दिसली ४१ रुपये.

"लाडक्या बहिणीचे आले ना सगळ्यांचे?" मावशी म्हणाली.

"या खात्यात नाही आले, मावशी. तुमचं आधार दुसऱ्या बँकेत जोडलेलं दिसतंय."

"दुसरी बँक? माझी हीच एक बँक."

पुढे दोन दिवस शोधल्यावर कळलं की दुसरी बँक होती. दोन वर्षांपूर्वी गावात कोणीतरी टेबल टाकून "खातं उघडा, काही पैसे लागत नाहीत, फक्त आधार आणि अंगठा" असं करत होतं. मावशीने अंगठा दिला होता. पैसे गेले नव्हते, चोरीलाही नव्हते. तिला माहीत नसलेल्या तिच्याच खात्यात ते पडून होते.

हे का झालं ते कळलं की ‘सगळं ऑनलाइन झालं’ या वाक्याचा खरा अर्थ बराचसा हाती लागतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

सरकार जेव्हा तुमच्या खात्यात थेट पैसे टाकतं, तेव्हा बऱ्याच योजनांमध्ये खाते क्रमांक वापरलाच जात नाही. वापरला जातो आधार क्रमांक. त्या आधारचे पैसे कुठल्या बँकेला द्यायचे, हे सांगणारं एक मोठं रजिस्टर आहे. ते नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे, म्हणजे ‘एनपीसीआय’कडे असतं आणि बँकवाले त्याला ‘मॅपर’ म्हणतात. एखाद्या पोस्टमनकडे वही असावी आणि त्यात माणसामागे एकच ओळ असावी, तसं हे आहे. माणूस दुसऱ्या गावी राहायला गेला की जुनी ओळ खोडायची, नवी लिहायची. या वहीत तुमच्या आधारपुढे फक्त बँकेचं नाव असतं. सगळ्यात शेवटी ज्या बँकेत तुम्ही संमती देऊन आधार जोडलं, ती बँक. तुमची तीन खाती असली तरी सरकारी पैसे जाणार त्या एकाच बँकेत.

आता गंमत नाही, गोंधळ इथे आहे. बँकेत ‘आधार लिंक’ हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. एक, बँकेने तुमची ओळख पटवून आपल्या दप्तरी आधार नोंदवणं. दुसरी, या मॅपरमध्ये तुमची ओळ आपल्या नावावर करून घेणं. बँकेत या दुसऱ्याला ‘सीडिंग’ किंवा नुसतं ‘डीबीटीला लावणं’ म्हणतात, डीबीटी म्हणजे खात्यात थेट येणारे सरकारी पैसे. पहिलं झालं म्हणजे दुसरं झालंच असं नाही. "माझं लिंक आहे" असं छातीठोक सांगणाऱ्या बाईचे पैसे अडकतात ते यामुळे. उलटही होतं. ज्याने खातं उघडताना पुढ्यात आलेल्या फॉर्मवर अंगठा दिला, त्याची ओळ त्याला न कळता हलते. २०१७ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या पेमेंट्स बँकेत असंच झालं होतं. सिम कार्डाच्या पडताळणीसाठी दिलेल्या आधारवरून लोकांची खाती उघडली गेली आणि गॅसची सबसिडी तिकडे वळली. आधार प्राधिकरणाने त्यावर कारवाई केली.

तुमची ओळ कुठे आहे हे पाहता येतं. ‘माय आधार’ या सरकारी संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ असा पर्याय आहे, तो बँकेचं नाव दाखवतो. पण त्यासाठी ओटीपी लागतो आणि ओटीपी येतो आधारला जोडलेल्या मोबाइलवर. मावशीच्या आधारला जोडलेला नंबर तिच्या मुलाचा होता. मुलगा भिवंडीत. सिम कधीच बंद पडलेलं.

बँकेत पूर्वी पासबुक घेऊन गेलं की काउंटरच्या आतला माणूस खातं शोधायचा, नाव जुळवायचा, सही पाहायचा, चूक झाली तर दुरुस्त करायचा. ती कामं यंत्राने संपवली असं आपण समजतो. पण त्यातली बरीचशी काउंटरच्या बाहेर आली. नावाचं स्पेलिंग सगळीकडे सारखं आहे का हे बघणं, नंबर चालू ठेवणं, केवायसी वेळेवर करणं, मेसेज वाचणं, फसवणूक ओळखणं, हे आता खातेदाराचं काम आहे. त्याचा पगार नाही, प्रशिक्षण नाही. आणि ज्याला ते जमत नाही त्याच्यासाठी तेच काम दुसरं कोणीतरी करतं. मुलगा, पुतणी, सेतूवाला, बँकमित्र.

हे केवळ बँकेतच झालं असं नाही. आपल्याकडे १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. सातबाऱ्यावर पिकाची नोंद पूर्वी तलाठी करायचा. आता शेतकऱ्याने मोबाइल घेऊन बांधावर जायचं, गट नंबर निवडायचा, पिकाचा फोटो काढायचा, नोंद पाठवायची. यात चांगलं आहेच. घरात बसून पेरा लिहिण्याची सोय उरली नाही आणि आपल्या शेतात काय आहे ते शेतकरी स्वतः सांगतो. पण रेंज नसलेल्या डोंगराळ शिवारात साठी ओलांडलेल्या माणसाने हे कसं करावं, याचं उत्तर पहिल्या दिवशी तयार नव्हतं. ज्यांना जमलं नाही त्यांच्यासाठी पुढे गावोगाव सहायक लागलेच. आणि नोंद राहिली तर नुकसानभरपाईच्या वेळी भोगायचं शेतकऱ्यालाच.

आता थोडं मागे जाऊ, कारण या सगळ्याची एक सुरुवात आपल्या नंदुरबार जिल्ह्यात आहे. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. बँक मात्र त्याआधीच गावात यायचा प्रयत्न करत होती. १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, शाखा वाढल्या, तरी वाड्यापाड्यावर शाखा परवडत नव्हती. म्हणून २००६ मध्ये रिझर्व्ह बँकेने परवानगी दिली की बँकेने आपला प्रतिनिधी नेमावा आणि त्याने बँकेच्या वतीने पैसे घ्यावेत-द्यावेत. तोच आजचा बँकमित्र. २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन योजना सुरू झाली आणि खात्यांचा पूर आला. २०२३ मध्ये जनधन खात्यांनी ५० कोटींचा आकडा ओलांडला, त्यातली निम्म्याहून अधिक बायकांची आहेत.

जागतिक बँक जगभर पाहणी करते. तिच्यानुसार भारतात २०११ साली १०० पैकी ३५ प्रौढांचं खातं होतं. २०१७ पर्यंत ते ८० झाले. सहा वर्षांत इतकी झेप जगात फार कमी देशांनी घेतली. मला याचं मनापासून कौतुक आहे. माझ्या आजीचं उभ्या आयुष्यात खातं नव्हतं. तिचे पैसे डाळीच्या डब्यात असायचे आणि ते कोणीही काढायचं.

पण खातं उघडणं आणि खातं वापरणं यांत अंतर आहे. त्याच जागतिक बँकेच्या २०२१ च्या पाहणीत भारतातल्या साधारण एकतृतीयांश खातेदारांनी वर्षभरात एकदाही पैसे टाकले नव्हते की काढले नव्हते. आणखी एक आकडा मला जास्त बोलका वाटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे स्वतः वापरत असलेलं बँक खातं असलेल्या बायका २०१५-१६ मध्ये ५३ टक्के होत्या, २०१९-२१ मध्ये ७८.६ टक्के झाल्या. त्याच दुसऱ्या पाहणीत स्वतःचा मोबाइल असलेल्या बायका ५४ टक्के, आणि कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बायका ३३.३ टक्के. पुरुषांत इंटरनेट वापरलेले ५७.१ टक्के. म्हणजे खातं बाईच्या नावावर झालं, पण त्या खात्याचा दरवाजा ज्या फोनमध्ये आहे तो फोन नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात आहे. मेसेज त्याला येतो. ओटीपी त्याला येतो. शिल्लक आधी त्याला कळते.

म्हणूनच बँकमित्राचं टेबल इतकं महत्त्वाचं आहे. तिथे फोन लागत नाही. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा, एवढ्यावर पैसे निघतात. ‘आधार एनेबल्ड पेमेंट’ म्हणतात ती हीच सोय. इथे मॅपरमधली ओळ बघितली जात नाही, तुम्ही जी बँक सांगाल तिथलं आधारला जोडलेलं खातं उघडतं. मावशीने आपल्या नेहमीच्या बँकेचं नाव सांगितलं, म्हणून तिला ४१ रुपये दिसले. दुसऱ्या बँकेचं नाव माहीत असतं तर त्याच टेबलावर, त्याच अंगठ्याने तिचे पैसे निघाले असते.

बँकमित्राचा धंदा नेमका कसा चालतो, हे बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून जरा खोलात सांगतो. तुम्ही हजार रुपये काढले की ते हजार तो स्वतःच्या गल्ल्यातून देतो. तुमच्या खात्यातले हजार त्याच्या खात्यात जमा होतात. म्हणजे सकाळी त्याच्याकडे रोकड हवी आणि संध्याकाळपर्यंत ती संपते, खातं मात्र भरतं. मग शाखेत जायचं, रांगेत उभं राहायचं, रोकड आणायची, तीही मोटारसायकलवर, पिशवीत, दहा-पंधरा किलोमीटर. वाटेत काही झालं तर धास्ती त्याची. भांडवल त्याचं किंवा सासऱ्याकडून आणलेलं. बदल्यात प्रत्येक व्यवहारावर थोडं कमिशन. ठरलेला पगार असला तर तो तुटपुंजा. योजनेचे पैसे पडतात त्या दिवशी गावभर रांग लागते आणि नेमकी तेव्हाच रोकड कमी पडते. "आज पाचशेच देतो, उरलेले सोमवारी" हे वाक्य त्यामुळे येतं. त्यात दर वेळी लबाडी नसते.

बँकेत क्लार्क होण्यासाठी जो परीक्षा देतो त्याला नोकरी मिळते, पेन्शन मिळते. बँकमित्रालाही परीक्षा असते, मुंबईची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स ती घेते. काम तर कधी कधी क्लार्कहून अवघड असतं, कारण त्याला खातं, नेटवर्क, मशीन आणि रडवेला माणूस हे चारही एकाच वेळी सांभाळावं लागतं. पण नोकरीची शाश्वती नाही. डिजिटल झाल्याने रोजगार गेले की आले, या वादात मला नेहमी हे टेबल आठवतं. काम आलं, भरपूर आलं. त्याचा मोबदला आणि सुरक्षितता मात्र मागे राहिली.

काही ठिकाणी हे टेबल बायकांच्या हाती आलं आहे. बचतगटांतल्या बायकांना प्रशिक्षण देऊन बँकसखी केलं जातं, आपल्याकडे ‘उमेद’ अभियानातून. मावशीच्या शेजारच्या गावात अशी एक आहे. मी तिच्याकडे एक दुपार बसलो होतो. म्हाताऱ्या बायका तिला शिल्लक विचारतात आणि म्हणतात, "हळू सांग गं, बाहेर हे उभे आहेत." ती कागदाच्या चिठ्ठीवर आकडा लिहून दाखवते. चिठ्ठी फाडून टाकते. हे कौशल्य कुठल्याच अभ्यासक्रमात नसेल, पण ज्या बाईला आपली बचत आपल्यापुरती ठेवायची आहे तिच्यासाठी बँकिंग म्हणजे हेच.

टेबलामागच्या माणसाचं हे महत्त्व केनियातही दिसलं. तिथे मार्च २००७ मध्ये एम-पेसा सुरू झालं. साध्या फोनवरून पैसे पाठवायचे आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून रोख घ्यायची. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अभ्यासकांनी २०१६ मध्ये मांडलेल्या अंदाजाप्रमाणे त्यातून तिथली २ टक्के कुटुंबं गरिबीतून वर आली, आणि सुमारे १,८५,००० बायका शेतीतून छोट्या धंद्याकडे वळल्या. फोन सगळ्यांना दिसला. पण ते चाललं दुकानदारांच्या जाळ्यावर, जिथे रोखीचे डिजिटल आणि डिजिटलची रोख होते.

बाजारात दुसरीकडे चित्र वेगळं दिसतं आणि तिथे मला आशा वाटते. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आलं, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यातल्या व्यवहारांची संख्या १,००० कोटींवर गेली. कोथिंबिरीच्या जुडीपुढे क्यूआरचा पुठ्ठा उभा असतो. भाजीवालीला वाचता येत नसलं तरी चालतं, कारण शेजारचा डबा मराठीत ओरडून सांगतो किती रुपये आले. पूर्वी गिऱ्हाईक मोबाइल पुढे करून "झालं बघा" म्हणायचं आणि खोटा स्क्रीनशॉट दाखवून जायचं. त्या डब्याने तो प्रकार बराच कमी केला. इथे यंत्राने माणसाकडे आपलं कौशल्य मागितलं नाही, स्वतः त्याच्या भाषेत बोलायला शिकलं. मशीन असं बनवता येतं, हे यातून दिसतं.

या नोंदींचा पुढचा उपयोग कर्जाला होतो. जून २०२० मध्ये फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी योजना आली, तेव्हा पहिलं कर्ज १०,००० रुपयांचं होतं, तारण नाही, आणि डिजिटल व्यवहार केले तर कॅशबॅक. ज्याच्याकडे सातबारा नाही, पगारपत्रक नाही, त्याच्याकडे निदान रोज किती विकलं याची नोंद आली. सावकारापेक्षा हे कितीतरी बरं. पण झटपट कर्ज देणारी बनावट अॅपही मागे लागतात, फोनमधले सगळे नंबर घेतात आणि हप्ता चुकला की नातेवाइकांना फोन करून अब्रू काढतात. अॅप कितीही चांगलं दिसलं तरी कर्ज देणारी बँक किंवा वित्तसंस्था कोणती, हे नाव त्यात स्पष्ट दिसलंच पाहिजे. नसेल तर पुढे जाऊ नका.

कौशल्य म्हटलं की आपल्याला संगणकाचा कोर्स आठवतो. एका पिढीने एमएस-सीआयटी केलं, सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं. ते वाया गेलं असं मी म्हणणार नाही, अनेकांना त्यातूनच पहिली नोकरी लागली. पण मावशीला टायपिंग नको आहे. पावतीवरचे दोन आकडे ओळखता आले, किती काढले आणि किती उरले, तर तिचं निम्मं काम होतं. बँकमित्राकडून छापील पावती मागणं हा तिचा हक्क आहे. पैसे काढताना त्याने स्वतःसाठी वेगळे दहा-वीस रुपये मागायचे नसतात, त्याचं कमिशन बँक देते. आणि यूपीआयबद्दल एकच गोष्ट पाठ असली तरी पुष्कळ आहे की पैसे घेताना पिन लागत नाही. शिल्लक बघणं सोडलं तर पिन टाकला म्हणजे पैसे आपल्याकडून जाणार, समोरचा फोनवर कितीही गोड बोलो.

अंगठ्याचीही चोरी होते. काही राज्यांत जमिनीच्या दस्तांवरून ठसे उतरवून रबरी अंगठे बनवले गेले आणि लोकांची खाती रिकामी झाली. म्हणून आधारमध्ये ठसे कुलूपबंद करायची सोय आहे. पण ते कुलूप आपणच मोबाइलवरून लावायचं आणि गरजेला आपणच उघडायचं. पुन्हा तेच, एक काम आणखी आपल्याकडे आलं.

चूक झाली तर काय, हे सांगितल्याशिवाय हा विषय सोडता येणार नाही. एटीएममधून किंवा बँकमित्राकडे खात्यातून पैसे कापले गेले पण हातात आले नाहीत, तर व्यवहाराच्या पुढे पाच दिवसांत ते परत यायला हवेत. नाही आले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता. रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. एका माणसाकडून दुसऱ्याला यूपीआयने पाठवलेले पैसे कापले आणि पोहोचले नाहीत, तर हीच मुदत एक दिवसाची. फसवणूक झाली तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा आणि बँकेलाही कळवायचं. आपली चूक नसताना बाहेरच्या कोणी पैसे काढले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर २०१७ च्या नियमाप्रमाणे खातेदारावर जबाबदारी येत नाही. बँकेने तक्रार ३० दिवसांत सोडवली नाही किंवा नाकारली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी नाही.

मला विचाराल तर हे नियम शाखेच्या दारावर मोठ्या मराठी अक्षरात लावायला हवेत आणि बँकमित्राच्या टेबलामागेही. योजनांचे फलक लागतात तितकेच मोठे.

मावशीचं काम तिसऱ्या आठवड्यात झालं. आधी आधार केंद्रात जाऊन तिचा स्वतःचा नंबर जोडला. तिला नवं साधं सिम घेतलं, बटणांचा फोन घेतला. मग शाखेत फॉर्म भरून मॅपरमधली ओळ तिच्या जुन्या बँकेकडे वळवली. दुसऱ्या खात्यातले पैसे काढताना अंगठा पुन्हा तीनदा फिरला. पावती आली. तिने ती डोळ्यांजवळ धरली, मला म्हणाली, "खालचा आकडा उरलेला ना?" मी हो म्हटलं. पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तिने पावती घडी करून ठेवली आणि मागच्या बाईला जागा करून दिली. त्या बाईच्या हातात तिचं आधार होतं, आणि एका चिठ्ठीवर कोणाचा तरी मोबाइल नंबर.